अशुद्ध विजेची किंमत कोणी मोजायची?

विजेचे बिल हाती पडले की आपण प्रथम दोनच गोष्टी पाहतो. किती युनिटे जळली आणि किती रुपये भरावयाचे. आपण जी वीज घेतली ती चांगली होती की वाईट, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही. आपण ती घेताना बिघडवली काय, हा प्रश्न तर कोणाच्याच मनात येत नाही. वीज ही जणू सर्वत्र सारखी, एकजिनसी वस्तू आहे, असे आपण गृहीत धरून चालतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही एकजिनसी वस्तूचे उदाहरण म्हणून वीज हमखास दिली जाते. मीही अनेक वर्षे वर्गात तेच उदाहरण देत आलो. ते चुकीचे आहे, हे मला पुस्तकाने शिकवले नाही, एका जळलेल्या तारेने शिकवले.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात नवी इमारत उभी राहिली. तीन संगणक प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि कार्यालय मिळून सुमारे दीडशे संगणक तेथे बसावयाचे होते. खरेदी समितीचा मी सभासद होतो. मुख्य केबलीसाठी दोन दरपत्रके पुढे आली. एक पूर्ण चार कोअरच्या केबलीचे, दुसरे साडेतीन कोअरच्या केबलीचे. साडेतीन कोअर म्हणजे तीन फेजच्या तारा पूर्ण जाडीच्या आणि न्यूट्रलची तार सुमारे निम्म्या जाडीची. सल्लागार अभियंत्याने पूर्ण न्यूट्रल घ्यावी असे सुचवले होते. मी मात्र सभेत हिशेब मांडला. तिन्ही फेजवर भार समान वाटला तर न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच प्रवाह जात नाही, मग तिच्यावर खर्च कशाला? काटकसर करणारा सभासद सर्वांनाच आवडतो. ठराव माझ्या बाजूने झाला आणि इतिवृत्तात माझी सहीही आहे.

दुसऱ्याच वर्षी आमचे वायरमन मामा माझ्याकडे आले. "सर, खालच्या पॅनेलमधली न्यूट्रल हाताला चटका देतेय," एवढेच म्हणाले. मी त्यांना लेखी द्यावयास सांगितले. त्यांनी अर्ज दिला. कार्यालयाने तो फाइलला लावला. शास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याने तर तिन्ही फेज समतोल असताना न्यूट्रल तापणे शक्यच नाही, असा निर्वाळा दिला. पुढे प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी न्यूट्रलचा जोड जळून सुटला. न्यूट्रल सुटली की एका फेजवरील उपकरणे दुसऱ्या फेजवरील उपकरणांशी मालिकेत जोडली जातात आणि २३० व्होल्टसाठी बनवलेल्या यंत्रावर तीनशेच्या वर दाब येऊ शकतो. तसेच झाले. तेवीस संगणकांचे पॉवर सप्लाय जळाले, परीक्षा पुढे ढकलावी लागली. कोणाला इजा झाली नाही, हे केवळ सुदैव. केबलीत वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट खर्च दुरुस्तीवर झाला.

नंतर योग्य उपकरणाने मोजणी केली, तेव्हा प्रत्येक फेजमध्ये साधारण ५५ अँपिअर आणि न्यूट्रलमध्ये ८५ अँपिअर आढळले. जिच्यातून काहीच जाऊ नये तिच्यातून सर्वांत अधिक जात होते. या कोड्याचे नाव हार्मोनिक्स.

तंबोरा आणि तारा

आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेणारी, गुळगुळीत चढउताराची लहर आहे. जुना पिवळा दिवा, इस्त्री, पाणी तापवण्याचा हीटर ही उपकरणे लहरीच्या चढउताराप्रमाणेच प्रवाह घेतात. दाब वाढला की अधिक, उतरला की कमी. संगणक, दूरचित्रवाणी संच, मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या आत प्रत्यावर्ती विजेचे दिष्ट विजेत रूपांतर करून ती एका संधारित्रात साठवली जाते. हे संधारित्र, म्हणजे कपॅसिटर, लहरीच्या अगदी शिखरापाशीच भरले जाते आणि बाकीचा वेळ प्रवाह जवळजवळ बंद असतो. वीजबिल भरणा केंद्राची खिडकी महिनाभर ओस असावी आणि शेवटच्या दिवशी दुपारी रस्त्यापर्यंत रांग लागावी, तसा हा प्रकार आहे. महिन्याची सरासरी पाहिली तर गर्दी नाहीच, खिडकीवरच्या कारकुनाला विचारले तर उत्तर वेगळे मिळेल.

अशी तुटक, टोकदार लहर म्हणजे गणिताच्या दृष्टीने अनेक गुळगुळीत लहरींची बेरीज होय. फ्रेंच गणिती जोझेफ फूरिये याने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या उष्णतेवरील ग्रंथात हा विचार मांडला. मूळ पन्नास आवर्तनांची लहर, तिच्यावर दीडशे, अडीचशे, साडेतीनशे अशा विषम पटींच्या लहान लहरी. त्यांना तिसरा, पाचवा, सातवा हार्मोनिक म्हणतात.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की कोणी न छेडलेला गंधार कानी येतो. त्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. तो त्या तारेचा पाचवा हार्मोनिक असतो. तिसरा पंचमाच्या जागी असतो. गाण्याच्या बैठकीत जो गंधार ऐकून जाणकार मान डोलावतात, त्याच प्रमाणातील पाचवी लहर विजेच्या तारेत आली की कारखान्याचे कपॅसिटर फुगतात. जो गुण एका ठिकाणी नादाची श्रीमंती ठरतो, तोच दुसरीकडे उपद्रव ठरतो.

उपद्रव कसा होतो

न्यूट्रलचे कोडे आता सुटेल. तीन फेजच्या लहरी परस्परांच्या एकतृतीयांश आवर्तन मागेपुढे असतात, म्हणून समतोल भार असता त्यांची न्यूट्रलमध्ये वजाबाकी होऊन बेरीज शून्य होते. माझा हिशेब येथपर्यंत बरोबर होता. परंतु तिसऱ्या हार्मोनिकचे एक आवर्तन मूळ आवर्तनाच्या एकतृतीयांशच असते. त्यामुळे एकतृतीयांशाचा फरक म्हणजे त्याच्यासाठी पूर्ण एक आवर्तन, म्हणजे फरकच नाही. तिन्ही फेजमधले तिसरे हार्मोनिक एकाच तालात न्यूट्रलमध्ये उतरतात आणि एकमेकांना छेदण्याऐवजी एकमेकांत मिळतात. सिद्धांतानुसार न्यूट्रलमधील प्रवाह फेजच्या पावणेदोन पटींच्या जवळपास जाऊ शकतो. शिवाय न्यूट्रलवर साधारणतः फ्यूज नसतो. म्हणजे जी तार सर्वांत अधिक तापते, तिच्यावरच पहारा नसतो.

पाचव्याची तऱ्हा निराळी. तीन फेजच्या मोटारीत तो मूळ चुंबकीय क्षेत्राच्या उलट दिशेने फिरणारे क्षेत्र निर्माण करतो. मोटार पुढे फिरत असते, पण तिच्या आतच कोणीतरी तिला मागे ओढत असते. यातून काम होत नाही, उष्णता मात्र होते. रोहित्रातही तेच. तेथील भोवरी प्रवाहांमुळे होणारा ऱ्हास वारंवारितेच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळे पाचव्या हार्मोनिकचा एक अँपिअर मूळ लहरीच्या एका अँपिअरच्या पंचवीस पट असा ऱ्हास करतो. पाटीवर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा कमी भारावर चालणारे रोहित्र तापू लागले तर हे एक कारण तपासून पाहावयास हवे.

सर्वांत विचित्र प्रकार कपॅसिटरचा. पॉवर फॅक्टर सुधारावा म्हणून कारखाने कपॅसिटर बसवतात. रोहित्र आणि कपॅसिटर मिळून एका ठरावीक वारंवारितेला अनुनाद होतो. समजा, ५०० केव्हीएचे रोहित्र आहे आणि त्याची अंतर्गत बाधा पाच टक्के आहे. त्याची लघुपरिपथ क्षमता दहा हजार केव्हीए होते. त्याच्याशी ४०० केव्हीएआरचे कपॅसिटर जोडले, तर दहा हजाराला चारशेने भागून पंचवीस आणि त्याचे वर्गमूळ पाच. म्हणजे नेमका पाचव्या हार्मोनिकलाच अनुनाद. कारखान्यात वेगनियंत्रक ड्राइव्ह असतील, तर पाचवा हार्मोनिक तेथे हजर असतोच. झोक्याला योग्य क्षणी हलका धक्का देत राहावे आणि झोका उंच जावा, तसा तो प्रवाह वाढत जातो. कपॅसिटर फुगतात, फ्यूज उडतात आणि मालक कपॅसिटर निकृष्ट होते म्हणून दुकानदाराशी भांडतो.

दोष कसा शोधावा

या रोगाचे निदान अवघड नाही, परंतु त्याला शिस्त लागते. पहिली गोष्ट मोजमापाची. आपल्या वायरमनच्या पेटीतला साधा टाँग टेस्टर सरासरी मोजतो आणि लहर गुळगुळीत आहे असे गृहीत धरून आकडा दाखवतो. टोकदार प्रवाह तो कमी दाखवतो, कधीकधी एकतृतीयांशापर्यंत कमी. खरा परिणामी आकडा दाखवणारा, बाजारात ज्याला ट्रू आरएमएस म्हणतात असा मीटर घ्यावा. एकाच तारेवर दोन्ही मीटर लावले आणि आकड्यांत मोठा फरक आला, तर तोच हार्मोनिक्सचा पहिला पुरावा.

दुसरी गोष्ट, न्यूट्रल मोजावी. ती मोजायची नसते, या समजुतीनेच आमचा घात केला. तिसरी, वेळ पाहावी. तक्रार कार्यालयीन वेळेत वाढते की रात्री, कोणते यंत्र सुरू होताच दिवे लुकलुकतात, हे नोंदवावे. मग एकेक भार बंद करून फरक पाहावा. चौथी, कपॅसिटर काही वेळ बाजूला काढून पुन्हा मोजणी करावी. ते काढताच विकृती उतरली तर अनुनाद आहे असे समजावे. ही सर्व कामे अर्थात जाणत्या माणसानेच करावयाची. आणि प्रत्येक बिघाडाला हार्मोनिक्सचे नाव देऊ नये. गावाकडे मोटारी जळतात त्या बहुधा कमी दाबाने किंवा एक फेज गेल्याने. ढिला जोड आणि असमान भार हे जुने शत्रू अजून शाबूत आहेत.

उपायही ज्ञात आहेत. संगणकांच्या इमारतीत न्यूट्रल फेजइतकी किंवा दुप्पट जाड घ्यावी. डेल्टा-स्टार जोडणीचे रोहित्र तिसऱ्या हार्मोनिकला आपल्या डेल्टा वेटोळ्यातच फिरवत ठेवते, पुढे जाऊ देत नाही. कपॅसिटरबरोबर सात टक्क्यांचा रिअॅक्टर मालिकेत जोडला की त्यांचा अनुनाद सुमारे १८९ आवर्तनांवर उतरतो आणि पाचव्याशी गाठ पडत नाही. मोठ्या भारासाठी फिल्टर असतात. यातले काहीही गूढ नाही. मग ते होत का नाही? येथे अभियंत्याचे काम संपते आणि अर्थशास्त्राचे सुरू होते.

एकाचा भार, दुसऱ्याचा ताप

बिघडलेला प्रवाह रोहित्राच्या आणि वाहिनीच्या बाधेतून जाताना दाबाची लहरही बिघडवतो. ती बिघडलेली लहर त्याच वाहिनीवरील प्रत्येकाला मिळते. ज्याने ड्राइव्ह बसवला त्याची वीज वाचते. त्याच रोहित्रावरच्या पिठाच्या गिरणीची मोटार मात्र थोडी अधिक तापते आणि तिचे आयुष्य थोडे घटते. गिरणीवाल्याला कारण कळत नाही, कारखानदाराला परिणाम दिसत नाही आणि मीटर दोघांच्याही युनिटांपलीकडे काही सांगत नाही. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात आगगाडीच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांनी लगतच्या रानाचे होणारे नुकसान उदाहरणादाखल दिले होते. खर्च एकाने करावा आणि त्याचा भार तिऱ्हाइतावर पडावा, अशा वेळी सरकारने कर लावून तो खर्च करणाऱ्याच्या हिशेबात आणावा, असा त्यांच्या विचाराचा रोख. १९६० साली रोनाल्ड कोस यांनी दुसरी बाजू मांडली. हक्क स्पष्ट असतील आणि व्यवहाराचा खर्च नगण्य असेल, तर दोन्ही पक्ष आपसांत तोडगा काढतील.

हार्मोनिक्सच्या बाबतीत कोस यांची अटच पुरी होत नाही. एका वाहिनीवर शेकडो ग्राहक, प्रत्येकाचा वाटा लहान, मोजणी महाग. ठिणगी निदान दिसते तरी, ही दिसतही नाही. तेव्हा सामाजिक नियमनाला पर्याय नाही.

नियम आहेत, पण

नियम नाहीत असे नव्हे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००७ सालच्या ग्रिड जोडणीच्या तांत्रिक विनियमांनी जोडबिंदूवरील दाबाची एकूण विकृती पाच टक्क्यांपेक्षा आणि मोठ्या ग्राहकाच्या प्रवाहाची आठ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी असे म्हटले. पूर्ततेसाठी पाच वर्षांची मुदत दिली होती. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेच्या नावातच विजेच्या गुणवत्तेचा उल्लेख आला. तमिळनाडूत मर्यादा ओलांडणाऱ्या उच्चदाब ग्राहकाकडून भरपाई आकारण्याची तरतूद केली गेली. कागदावर आपण मागासलेले नाही.

परंतु प्रोत्साहनांची दिशा पाहिली की विसंगती दिसते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएच पद्धतीने होऊ लागली. विजेचा जो भाग काम न करता केवळ तारेत ये-जा करतो, त्याचाही भार आता बिलावर येतो. तत्त्व योग्यच आहे. पण त्यावर कारखान्याचा सर्वांत स्वस्त प्रतिसाद कोणता? आणखी कपॅसिटर बसवणे. जेथे हार्मोनिक्स आहेत तेथे रिअॅक्टरशिवाय बसवलेले कपॅसिटर रोग वाढवतात, हे वर पाहिलेच. एका दोषावर किंमत लावली आणि दुसरा दोष फुकट ठेवला, की माणसे पहिल्याची दुसऱ्याशी अदलाबदल करतात. यात त्यांचा दुष्टपणा नसतो. दरपत्रकच त्यांना ते शिकवते.

दुसरी विसंगती लहान उपकरणांची. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या ६१०००-३-२ या मानकात दिव्यांखेरीज इतर ७५ वॅटपर्यंतच्या बहुतेक उपकरणांना हार्मोनिकची मर्यादा नाही. एकेकट्या चार्जरचा विचार केला तर ही सवलत रास्त आहे. पण आता इमारतीच्या इमारती अशाच उपकरणांनी भरल्या आहेत. एक निर्दोष, हजार मिळून मात्र दोषी, हा समूहाचा जुनाच पेच येथेही आहे.

दुसरी बाजू

यावर कोणी म्हणेल, मग काय जुने पिवळे दिवे परत आणावयाचे? मुळीच नाही. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. साठ वॅटच्या जागी नऊ वॅट, ही बचत हार्मोनिक्सच्या ऱ्हासापेक्षा कितीतरी मोठी आहे. शिवाय निरनिराळ्या बनावटीच्या उपकरणांचे हार्मोनिक काही प्रमाणात परस्परांना छेदतातही. वेगनियंत्रक ड्राइव्हने पंपांची आणि पंख्यांची वीज वाचते. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतील इंडक्शन भट्ट्या हजारोंची रोजीरोटी आहेत. त्या बंद कराव्यात असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न बचत सोडण्याचा नाही. बचतीचा लाभ ज्याला मिळतो, त्याने तिच्यामुळे उद्भवणारा लहानसा खर्चही उचलावा, एवढाच आहे.

तो खर्च सर्वांत स्वस्तात कोण टाळू शकतो, हा कळीचा प्रश्न. घरगुती ग्राहकाकडे मोजणी नेणे वेडेपणाचे ठरेल. त्याच्या उपकरणात कारखान्यातच थोडा अधिक चांगला भाग घातला की काम भागते. म्हणून लहान उपकरणांसाठी मानक उत्पादकावर असावे आणि त्याचा आकडा वेष्टनावर छापावा, जसा आज वॅटचा छापतात. मोठ्या ग्राहकाच्या जोडबिंदूवर मात्र नियमित मोजणी व्हावी, निष्कर्ष प्रसिद्ध व्हावेत आणि मर्यादेबाहेरच्या विकृतीवर आकारणी व्हावी. त्या रकमेचा विनियोग त्याच वाहिनीच्या सुधारणेवर झाला, तर गिरणीवाल्यालाही न्याय मिळेल. आणि वीज कंपनीनेही आपली बाजू तपासावी. दुबळी वाहिनी आणि भाराखाली वाकलेले रोहित्र असेल तर थोडा बिघडलेला प्रवाहही दाबाची लहर अधिक बिघडवतो. सर्व दोष ग्राहकाच्या माथी मारणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही.

शाळा, महाविद्यालये, सरकारी कचेऱ्या यांना मात्र कोणत्याही विनियमाची वाट पाहण्याचे कारण नाही. किमान दराची निविदा हा आपला धर्म होऊन बसला आहे. केबलीची किंमत दरपत्रकात दिसते, तिच्या जळण्याची दिसत नाही, म्हणून आपण पहिली मोजतो आणि दुसरी नशिबावर सोडतो. न्यूट्रल निम्मी घेतली तेव्हा मी ती काटकसर समजलो. वस्तुतः तो खर्च मी पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकावर आणि परीक्षेला आलेल्या मुलांवर ढकलला होता. इतरांना बाह्य परिणामांचा सिद्धांत शिकवणाऱ्या माणसाने हे करावे, यापरता विनोद नाही.

आता आमच्या इमारतीत न्यूट्रल पूर्ण जाडीहूनही अधिक आहे आणि दर सहा महिन्यांनी तिची मोजणी होते. ती नोंदवही वायरमन मामांच्याच ताब्यात आहे. त्यांचा तो जुना अर्ज अजून फाइलीत आहे. त्यावर कार्यालयाचा आवक शिक्का आहे, तारीख आहे, माझी 'पाहिले' अशी सहीही आहे. पाहिले होते हे खरे. हात लावून पाहिले नव्हते. धोरण ठरवणाऱ्यांनी तारेला हात लावावा अशी अपेक्षा नाही, पण ज्याचा हात भाजला त्याचे म्हणणे फाइलीला लावण्यापूर्वी मोजून पाहावे, एवढी तरी करावयास हरकत नसावी.